आजोबांचा चाकू
आज आजोबांच्या ट्रंकेत तळाशी एक खिशातला घडीचा चाकू सापडला, पातं इतकं गंजलेलं की उघडतच नव्हतं, मग तेल सोडून अर्धा तास वाट बघितली. पात्याच्या बुडाशी काहीतरी कोरलेलं दिसलं, जुन्या टूथब्रशने हळूच घासलं (पॉलिश पेपर अजिबात लावू नका, शिक्काच जातो!) आणि मोबाईलचा टॉर्च तिरपा धरल्यावर 'शेफील्ड, इंग्लंड' वाचता आलं. म्हणजे बहुतेक 1891 नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. गंज बघून मी लगेच 1913 च्या आधीचा म्हणणार होतो, स्टेनलेस तेव्हा आलं ना, पण साधं, गंजणारं कार्बन स्टील नंतरही वापरतच होते. कंपनीचं नाव मात्र पार झिजलंय, तिथे फक्त एक 'S' उरलाय की रेघ, कळेना.