धरसोडबाईची गोष्ट

गुरुवार, रात्री साडेदहा

आज लिहिण्याचा तिसरा दिवस. खरं तर पाचवा, कारण मध्ये दोन दिवस वही उघडलीच नाही. हे लिहितानाच आतून आवाज आला, ‘बघ, तीच ती धरसोड.’

हा शब्द मला आत्याने दिला. मी अकरा वर्षांची होते, चित्रकलेचा क्लास नुकताच सुटला होता आणि ती आईला सहज म्हणाली, “हिची वृत्तीच धरसोडीची आहे गं.” आत्याला हे आठवतही नसेल. मला मात्र पुढची बावीस वर्षं पुरलं. गिटार आणली आणि कोपऱ्यात उभी केली, जर्मन दुसऱ्या पातळीवर सोडलं, एक नोकरी आठ महिन्यांत. दर वेळी ते वाक्य तयारच. नोकरी सोडायला तीन धड कारणं होती, पण ती मी कधी कुणाला सांगितली नाहीत. स्वतःलाही नाहीत. गरजच पडली नाही, आत्याचं कारण हाताशी होतं ना!

ही वही सुरू केली ती जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल वाचून. 1986 साली त्याने आणि सँड्रा बील हिने 46 विद्यार्थ्यांना चार दिवस ओळीने, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या त्रासदायक प्रसंगांवर. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून उठल्याबरोबर मात्र त्यांना आणखी वाईट वाटत होतं. माझंही पहिल्या दिवशी तसंच झालं, म्हणून तर दोन दिवसांची दांडी.

आज वेगळं करून पाहिलं. ‘मी’ काढून ‘ती’ लिहिलं. ‘ती अकरा वर्षांची होती.’ एवढ्यानेच हात सैल झाला. दुसऱ्याच्या मुलीबद्दल लिहिताना आपण इतके दुष्ट नसतो.

मग धरसोडबाईंना समोर बसवलं. ही युक्ती माझी नाही. ऑस्ट्रेलियातले मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन यांनी उपचारांची जी कथनाधारित पद्धत घडवली, तिच्यातली आहे. माणूस आणि त्याची अडचण एक नाहीत असं धरायचं, अडचणीला नाव देऊन वेगळं काढायचं, आणि ती कधी आली, कुठे तिचं चाललं नाही हे विचारायचं. माझ्या बाई जाड काचांचा चष्मा लावून आल्या. हातात हजेरीपट. मी काय काय सोडलं त्याच्या तारखा त्यांना तोंडपाठ. ‘धरलं कधी?’ असं विचारलं, तर पानं उलटायला लागल्या. तो रकानाच नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की शब्दात ‘धर’ आधी आहे. क्लासला मी दोन वर्षं जात होते. दोन वर्षं, दर रविवारी! माझी गोष्ट मात्र कायम क्लास सुटल्याच्या दिवसापासून सुरू व्हायची.

इथपर्यंत पोचल्यावर मी फार खुशीत आले आणि शेवटचा दिवस रंगवून लिहिला. धो धो पाऊस, भिजलेला ड्रॉइंग बोर्ड, डोळ्यांत पाणी. मग शंका आली म्हणून ताईला फोन लावला. ती हसायलाच लागली. “पाऊस कुठला? मे महिना होता. क्लासची वेळ रात्री सातची केली, आई पाठवेना. आणि भिजलेला बोर्ड माझा, कॉलेजातला.”

म्हणजे मी तिचा पाऊस चोरला. यात नवल नाही म्हणा. आठवणींवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये एका प्रयोगात 24 जणांना, लहानपणी तू दुकानांच्या गर्दीत हरवला होतास, अशी न घडलेली हकिकत खऱ्या आठवणींत मिसळून दिली होती. साधारण चौघांतल्या एकाला ती पूर्ण किंवा अर्धीमुर्धी ‘आठवली’. म्हणून ‘कल्पनेने स्वतःला नव्याने घडवा’ असं कुणी फार उत्साहाने सांगितलं की मी जरा सावध होते. गोष्ट कुठून सुरू करायची, कुणाला बोलू द्यायचं, हे माझ्या हातात आहे. पाऊस नाही. पावसाची ओळ खोडली. वेळ बदलल्यावर मी हट्ट धरला नाही, मुकाट्याने घरी बसले, हेही लिहिलं. तेही खरंच आहे.

फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, “तुझी चित्रांची फाइल आहे माझ्याकडे, घेऊन जा एकदा.” म्हटलं, शेवटच्या चित्राचा फोटो पाठव. आत्ता आला. खिडकीत बसलेलं मांजर, शेपटी जरा जास्तच लांब. खाली कोपऱ्यात माझ्या तेव्हाच्या गोलगोल अक्षरात तारीख: 19 ऑक्टोबर.

क्लास मे महिन्यात सुटला होता.

तारीख तीनदा मोठी करून पाहिली. पाच महिने ही मुलगी एकटीच काढत बसली होती, आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. ऑक्टोबरनंतर काय झालं, तेही. पंधराची चाळीस मिनिटं झाली आहेत. बाकीचं उद्या, ताईकडे जाऊन फाइल आणल्यावर.