रॉकेट कोलांटी काऊन मारते?

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, म्हणून केंद्रातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण ऐन पावसाळ्यात ठेवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळांची मंडळी. स्लाइड मुद्दामच ठेवल्या नव्हत्या. चांद्रयानाचे व्हिडिओ सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात; सोमवारी वर्गात काय करायचं ते त्यात नसतं.

कागदी रॉकेट करून उडवायचं होतं, साहित्य गावात मिळेल तेवढंच: अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, ए-फोर कागद, सेलोटेप आणि पंखांसाठी जुन्या लग्नपत्रिका. ट्यूबने बाटली पाइपला जोडायची, पाइपवर कागदी नळी सरकवायची आणि बाटलीवर पाय मारायचा. पाण्याची बाटली नको, ती पातळ असते, लवकर चिरते.

पहिली फेरी फसली, ती फसू द्यायचीच असते. दमट हवेनं कागद नरमला, घट्ट गुंडाळलेल्या नळ्या पाइपलाच चिकटल्या. पाइपवर आधी कागदाचा एक सैल वेढा देऊन त्यावर रॉकेट गुंडाळलं, की हे टळतं. वेढा मग काढून टाकायचा. काहींचं टोक टेप नीट न बसल्यानं फुस्स झालं. जी उडाली ती कोलांट्या मारत जवळच पडली.

"काऊन जी असं? पंख तं लावले नं!" एक मॅडम वैतागल्या.

उत्तराऐवजी त्यांच्या हाती धागा दिला. रॉकेट बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधायचा, तिथे धागा बांधायचा आणि डोक्यावर गरगर फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर ते सरळ उडेल. मॅडमचं रॉकेट शेपटी पुढे करून फिरलं, म्हणजे टोक हलकं होतं. टोकात पाच ग्रॅम माती भरली. वजनकाटा नव्हता, एका ए-फोर कागदाचं वजन साधारण तेवढंच भरतं, म्हणून पट्टीच्या तराजूत एकीकडे घडी घातलेला कागद, दुसरीकडे माती. गुरुत्वमध्य चार बोटं पुढे सरकला. आता रॉकेट वाकडं झालं, तरी हवा पंखांवर जोर लावून शेपटी मागे ढकलते. पुढच्या दणक्याला ते थेट कुंपणापार, चिखलात.

हे खरं रॉकेट नव्हे, फुंकणीतून सुटलेला बाण आहे, हे शिक्षकांना स्पष्ट सांगावं लागतं. पाइप सुटला की ढकलणं संपलं. रॉकेटचा जोर दाखवायला दोरीवर, स्ट्रॉला चिकटवलेला फुगाच बरा. पण "फुग्यातली हवा बाहेरच्या हवेला रेटते, म्हणून फुगा पुढे जातो" असं सर्रास शिकवलं जातं. मग जिथे हवाच नाही, तिथे रॉकेट चालेल कसं? फुगा आतली हवा मागे फेकतो, ती हवाच त्याला पुढे ढकलते.

आमच्या भागातली मुलं मात्र आधी लाडबोरीचंच विचारतात. २ एप्रिल २०२२ ला सिंदेवाही तालुक्यातल्या त्या गावात आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असा अंदाज होता. रॉकेटचा वापरून झालेला भाग, म्हणजे टप्पा, पृथ्वीभोवती फिरत राहतो, विरळ हवेच्या घर्षणानं हळूहळू खाली येतो, बराचसा जळतो, उरलेलं पडतं. चौथीला एवढं पुरे.

वर्गात पाइप विटांच्या आधारानं ४५ अंशांवर पक्का करावा, समोर कुणी उभं नको. पाय दर वेळी एकाच मुलानं मारावा, बदल एका वेळी एकच करावा, तीन उड्डाणांची सरासरी घ्यावी. पहिली-दुसरीची पोरं पावलांनी अंतर मोजतात. चेपलेली बाटली पाइपातून फुंकून फुगवायची, पण पाइपला तोंड न लावता, मुठीतून.