६४ गडी, ६६ किल

भांडुपच्या आमच्या घरात लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात बाबांच्या स्कोअरबुकांचा गठ्ठा आहे. बाबा बेस्टमध्ये क्लार्क होते, पण रविवारी मैदानावरच्या तंबूत टेबलामागे बसायचे. मुंबईच्या कांगा लीग क्रिकेटचे सामने ऐन पावसाळ्यात, वही ओली व्हायची, म्हणून शाईचं पेन नाही, कायम पेन्सिल. मी सहावीत असताना एकदा त्यांच्यासोबत आझाद मैदानावर गेले होते. निर्धाव चेंडूला टिंब, आणि अख्खं षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम. षटक संपलं की बाबा शेजारी बसलेल्या दुसऱ्या संघाच्या स्कोअररला हळूच विचारायचे, "किती?" दोघांचा आकडा जुळला की पुढचं षटक. डाव संपला की फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, ही एक बेरीज. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय, ही दुसरी. दोन्ही एक आल्याशिवाय बाबा चहाला हात लावत नसत. "ताळा जमला पाहिजे," एवढंच म्हणायचे.

माझा धंदा मोबाईल गेमच्या स्पर्धांची आकडेवारी ठेवण्याचा आहे. कुठल्या संघाला किती गुण, कुणी किती किल घेतले, म्हणजे समोरचे किती मारले, गेल्या महिन्यात कोण वर आलं, कोण घसरलं, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर काढून देतं. नातेवाइकांना सांगताना मी "स्कोअरर आहे, बाबांसारखीच" असं सांगते, आणि मला ते अगदी खरं वाटतं.

सुरुवात २०१९ ची. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात, रात्री गॅलरीत चार पोरं मोबाईल घेऊन पबजी खेळत बसलेली. एका बेटावर सगळे एकमेकांना मारतात, शेवटी जिवंत उरतो तो संघ जिंकतो, असा हा गेम. त्यांच्या स्पर्धा व्हायच्या त्या अशा: कुणीतरी कस्टम रूम, म्हणजे आपल्यापुरता खासगी सामना, लावायचा, आयडी-पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकायचा, १६ संघ, प्रत्येकी चार, म्हणजे ६४ खेळाडू. सामना संपला की निकालाचे स्क्रीनशॉट ग्रुपवर यायचे आणि भांडण सुरू. "आमचे नऊ किल होते, तू सात धरलेस." ज्याने रूम लावली तोच हिशेब करणार आणि त्याचाच मित्र खेळणार, मग विश्वास कोण ठेवणार? मी ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते, चुका शोधणं हेच दिवसभराचं काम. भावाने एका रात्री लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ताई, तू घाल ना बेरीज. तुझं कुणी ऐकणार नाही असं होणार नाही." मी एक्सेलमध्ये शीट बनवली. क्रमांकाचे गुण वेगळ्या रकान्यात, किलचे वेगळ्या, आणि खाली सगळ्या किलची बेरीज. ती बेरीज सवयीने आली, त्यामागे फार विचार नव्हता.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि दुपारी एक, तीन, रात्री नऊ, अशा रोजच्या स्क्रिम, म्हणजे सरावाच्या लढती, सुरू झाल्या. मुंबईबाहेरचे, मी कधी न पाहिलेले रूमवाले शीट मागू लागले. पहिली कमाई ५०० रुपये, एका स्क्रिमवाल्याने आठवड्याच्या हिशेबाचे गुगल पेवर पाठवले. मी तो मेसेज आईला दाखवला होता.

पण दिवसाला १५-१५ सामन्यांचे आकडे हाताने भरणं शक्य नव्हतं. या मोबाईल गेमचे आकडे आमच्यासारख्या छोट्या माणसाला कंपनीकडून सरळ मिळत नाहीत. हातात असतो फक्त स्क्रीनशॉट, आणि त्यातून अक्षरं वाचून काढावी लागतात. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर आहे. मूळ एचपी कंपनीत बनलेलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं. छापील पान ते छान वाचतं. पण आमच्या पोरांची नावं! नावाच्या दोन्ही बाजूंना नक्षी, मध्ये जपानी अक्षर, कुठे त्रिशूळ, आणि इंग्रजी ओच्या जागी शून्य. एकाच खेळाडूचं नाव सकाळी एक वाचलं जायचं, संध्याकाळी दुसरंच. ५ चा ६ व्हायचा, १ चा ७.

इथे मला एक जुनं गणित उपयोगी पडलं. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये दोन शब्दांमधलं अंतर मोजायची पद्धत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढं त्यांच्यातलं अंतर. वाचलेलं नाव संघाच्या यादीतल्या प्रत्येक नावाशी ताडून बघायचं आणि ज्याच्याशी अंतर सगळ्यात कमी, तो खेळाडू धरायचा. हे पहिल्यांदा चाललं त्या रात्री मी आणि भाऊ अडीच वाजेपर्यंत जुने स्क्रीनशॉट टाकून बघत बसलो होतो. शंभरातली नव्वदहून जास्त नावं बरोबर यायला लागली. उरलेल्या नावांमध्ये काय दडलेलं आहे, ते पुढे कळलं.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होतं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एकही सामना नव्हता. आठवडाभर मी लॅपटॉप उघडला नाही. मग भावाने सुचवलं, तशाच दुसऱ्या गेमचे, फ्री फायरचे, रूमवाले तर आहेतच. पण तिथे १२ संघ, ४८ खेळाडू, आणि गुण वेगळे, पहिल्याला १२, दुसऱ्याला ९, मग ८, ७, ६ असे उतरत. माझ्या कोडमध्ये १६ आणि ६४ हे आकडे जागोजागी कोरलेले. महिनाभर बसून सगळं उसवलं आणि गेमचे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये काढले. संघ किती, खेळाडू किती, कितव्याला किती गुण. नवीन गेम म्हणजे नवीन फाइल, बाकी सॉफ्टवेअर तेच. या एका महिन्याच्या कामावर आमचा धंदा आजवर तगलाय. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठीचा अवतार, आला, फाइल तयार होती. पुढे स्पर्धांनी पहिल्याला १५ ऐवजी १० गुण आणि मग ६, ५, ४, ३, २, १, १ अशी पद्धत आणली, ते बदलायला मला दहा मिनिटं लागली.

एप्रिल २०२२ मध्ये मी नोकरी सोडली. तोवर फ्री फायर फेब्रुवारीत बंदीत गेला होता, पण बीजीएमआयचे २३ रूमवाले महिन्याचे पैसे देत होते. २८ जुलैला बीजीएमआय प्ले स्टोअरवरून गायब झाला. ज्यांच्या फोनमध्ये आधीच होता ते काही दिवस खेळत राहिले, पण स्पर्धा थांबल्या. ऑगस्टअखेर पाच गिऱ्हाईकं उरली. त्या महिन्यांत आम्ही कॉलेजांच्या फेस्टमध्ये व्हॅलोरंट या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या स्पर्धा केल्या, मुलुंड-ठाण्याकडच्या टर्फवर बॉक्स क्रिकेटचे हिशेबही ठेवले. बाबांनी एकदाही "नोकरी बघ" म्हटलं नाही. घरखर्चाचे पैसे मात्र ते न सांगता डब्यात ठेवायचे, ते मला माहीत होतं.

२९ मे २०२३ ला गेम परत आला, सुरुवातीला वेळेच्या मर्यादेसह, १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. स्पर्धा इतक्या जोरात आल्या की सगळ्यांना यूट्यूबवर थेट पॉइंट टेबल हवं झालं. सामना संपल्यावर अर्ध्या मिनिटात पडद्यावर तक्ता यायला हवा. आणि इथे माझ्या हातून ती चूक झाली.

एक्सेलमध्ये खाली जी बेरीज होती ती सॉफ्टवेअरमध्येही होती. ज्या रूममध्ये मेलेला खेळाडू परत येत नाही, तिथे ६४ जण असतील तर किल जास्तीत जास्त ६३ होतात, कारण निदान एक तरी जिवंत उरतो. खरं तर त्याहून कमीच होतात. काही झोनमध्ये, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाबाहेर राहून, मरतात, काही उंचावरून पडून, काही स्वतःच्याच ग्रेनेडने. बेरीज याहून जास्त आली की सॉफ्टवेअर अडायचं आणि विचारायचं, बघा, काहीतरी चुकतंय. थेट प्रक्षेपणात हे अडणं रूमवाल्यांना नको होतं, म्हणून मी ती तपासणी बंद करून ठेवली. नंतर चालू करू म्हटलं आणि राहून गेलं.

त्या वर्षी गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळाने स्पर्धा ठेवली, पहिलं बक्षीस ११ हजार, दुसरं ५ हजार. सहा सामन्यांची फायनल, मंडपाशेजारी पडदा, पोरं खुर्च्यांवर उभी. निकाल लागला, पाकिटं दिली, आरती झाली, मी घरी आले. बाबांना सामन्यांचे तक्ते बघायचे असतात, म्हणून भाऊ ते छापून आणतो. रात्री साडेदहाला बाबा डायनिंग टेबलावर पेन्सिल घेऊन बसले होते. पाचव्या सामन्याच्या कागदावर पेन्सिल थांबली.

"किती पोरं खेळत होती?"

"चौसष्ट."

"मग सहासष्ट कशी मेली?"

मी ताट तसंच ठेवून लॅपटॉप उघडला. निकालाची यादी एका पडद्यावर मावत नाही, खाली सरकवत चार-पाच स्क्रीनशॉट घ्यावे लागतात, त्यामुळे कडेची ओळ दोन चित्रांत येते. ओळ तीच असेल तर सॉफ्टवेअर एकदाच धरतं. पण ७ किलवाल्या एका खेळाडूचं नाव दुसऱ्या चित्रात वेगळं वाचलं गेलं होतं, आणि ते अंतराच्या हिशेबात दुसऱ्याच संघातल्या मुलाच्या जवळ गेलं. सात किल, म्हणजे सात गुण, फुकटात त्या संघाच्या नावावर. खरे किल ५९ होते. तो संघ चार गुणांनी मागे होता, तो तीन गुणांनी पुढे गेला आणि ११ हजार घेऊन घरी गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन सगळं सांगितलं, दुरुस्त तक्ता ग्रुपवर टाकला, खाली माझं नाव लिहून चूक माझी आहे असं लिहिलं. दिलेलं पाकीट पोरांकडून परत मागणं मला पटेना, त्यांचा काही दोष नव्हता. खऱ्या विजेत्यांना फरकाचे ६ हजार मी स्वतः दिले. त्यांचा कॅप्टन, १९-२० वर्षांचा मुलगा, पैसे घेताना म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलंच होतं, पण सॉफ्टवेअरचा आकडा म्हणून बोललो नाही." हे वाक्य मला त्या ६ हजारांपेक्षा जास्त लागलं. माझ्या तक्त्याकडे बघून एका पोराने स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला होता.

त्याच आठवड्यात तपासणी परत चालू केली आणि ती कुणालाही बंद करता येणार नाही अशी केली. शिवाय प्रत्येक तक्त्याच्या तळाशी, सगळ्यांना दिसेल अशी एक ओळ घातली: खेळाडू ६४, किल ५८, जिवंत २, बाकी ४. जिवंत किती ते रूम चालवणारा भरतो. बाकी म्हणजे झोनमध्ये किंवा आपल्याच चुकीने गेलेले. एखाद्या संघाची जागा रिकामी असेल तर ६४ चे ६० होतात, तेही तिथेच दिसतं. दोन रूमवाले या ओळीवरून सोडून गेले, पडद्यावर जागा खाते म्हणाले. मी ती काढली नाही.

पैशांचं म्हणाल तर महिन्याला ४९९ रुपये, मोठ्या स्पर्धेचे वेगळे. आज ४१ गिऱ्हाईकं आहेत, काम करणारे मी, भाऊ आणि अर्धा वेळ येणारी एक मुलगी. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, काढायला किती खेटे घालावे लागतील ही भीती होती. पण २०१७ च्या कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन कळवलं की भागायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हा बरेच रूमवाले घाबरून फोन करत होते. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, पण ईस्पोर्टला, म्हणजे कौशल्याच्या गेम-स्पर्धांना, मान्यता दिली, आणि स्पर्धेत भाग घेण्यापुरती प्रवेश फी चालते. मला स्वतःला तो आल्याचं बरं वाटलं. त्याआधी तीनदा मला रूमवर पैसे लावणाऱ्यांनी तक्ते मागितले होते, दुपटीने पैसे देतो म्हणून. मी दिले नाहीत. ज्या पोरांचे आकडे मी ठेवते त्यांच्यातली निम्मी अजून आईच्या फोनवर खेळतात.

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. विक्रोळीचा मुलगा, एका कॉलेजच्या स्पर्धेत खेळलेला. "ताई, तिसऱ्या मॅचमध्ये बाकी १ दाखवतंय. पण आमच्या टीमचे दोघं झोनमध्ये गेले होते, त्यातला एक मी. मग बाकी २ तरी पाहिजे ना?" मी स्क्रीनशॉट काढून मोठे करून बघितले. एका खेळाडूच्या ५ किलचे ६ वाचले गेले होते. माझी तपासणी ६३ च्या आत असल्याने अडली नव्हती. क्रमवारी बदलत नव्हती, तरी तक्ता दुरुस्त करून पुन्हा टाकला आणि त्याला कळवलं.

सकाळी चहाच्या वेळी बाबांना सांगितलं. त्यांनी कागद मागितला, पेन्सिलने किल जोडून पाहिले, बाकी काढली, दोनच आली. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "पोरगा राहतो कुठे म्हणालीस?"

"विक्रोळीला."

"रविवारी बोलाव त्याला," बाबा म्हणाले आणि खालचा खण उघडायला उठले.