पंखातला पीळ

परभणी, फेब्रुवारी
शुक्रवार, रात्र

बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा, बिनइंजिनाचा छोटा ग्लायडर. पंख टोकापासून टोकापर्यंत ६० सेंमी, रुंदी १० सेंमी. किट उघडल्या उघडल्या गोंद काढायचा नसतो, आधी पट्ट्या निवडायच्या. एकाच खोक्यातल्या सारख्या मापाच्या पट्ट्यांच्या वजनात कधी कधी दुपटीचा फरक असतो. ताठ आणि जरा जड त्या पंखाच्या कण्याला, सगळ्यात हलक्या शेपटीला. शेपटीतला एक ग्रॅम नाकात तीन-चार ग्रॅम मागतो. दोन्ही बाजूंचे कणे बोटाने दाबल्यावर सारखेच वाकले पाहिजेत.

पाट सपाट हवा. आपल्याकडचे जुने पाट बहुतेक मधून फुगलेले, त्यापेक्षा जाड काच किंवा प्लायवूड बरं. किटमधल्या नकाशावर, म्हणजे विमानाच्या आराखड्यावर, पातळ प्लास्टिक अंथरायचं, नाहीतर फेविकॉल पंखासोबत नकाशाही उचलतो. ३ मिमीच्या पट्टीतून टाचणी आरपार घालू नये, पट्टी तिथेच चिरते. दोन्ही बाजूंनी तिरक्या टाचण्यांच्या कैचीत धरायची. फासळीचं टोक गोंद पिऊन टाकतं, म्हणून आधी एक पातळ हात, पाच मिनिटांनी दुसरा. मग रात्रभर हात लावायचा नाही.

शनिवार

पंखाला मधे कोन द्यायचा. प्रत्येक टोक साडेचार सेंमी वर हवं असेल तर एक बाजू पाटावर सपाट ठेवून दुसरं टोक ९ सेंमी उचलायचं. सांध्यावर पंखाच्या लांबीने रेषा जाणाऱ्या प्लायचा तुकडा, नाहीतर पहिल्याच आपटीत पंख मधूनच मोडतो.

पंखावर चढवायच्या पातळ कागदाच्या रेषा पंखाच्या लांबीला समांतर. कडांना गोंद, मग पाण्याचा बारीक फवारा. इथेच घात होतो: कागद आवळताना हलका सांगाडा पिळतो. म्हणून पाणी मारलं की पंखाची एकेक बाजू ३ मिमीच्या पट्ट्यांवर टेकवून टाचायची, खालून हवा खेळली पाहिजे. टोकाला मागच्या कडेखाली आणखी २ मिमी जादा, दोन्ही बाजूंना अगदी तेवढीच. टोकाची मागची कड अशी किंचित वर राहिली की वेग कमी झाल्यावर पंख एका बाजूला कलंडत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पंखाचा मात्र केटलीच्या वाफेवर उलटा पिळून, थंड होईपर्यंत धरला की जातो.

वरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, निम्मं थिनर. ५० मिलीत एरंडेलाचे चार-पाच थेंब, म्हणजे कागद पुढे आवळत राहत नाही. पावसाळ्यात हेच काम पांढरट उतरतं. या दिवसांतली कोरडी हवा मात्र सोन्यासारखी.

रविवार, सूर्य उगवताना

ज्वारी निघालेलं रान चालेल, पण धसकटं पाहून. करडईच्या रानाकडे तोंडही करू नये, तिचे काटे कागदाची चाळण करतात.

नकाशावरच्या खुणेवर दोन बोटांनी तोलायचं, नाकात क्ले भरत. मग उभ्याने, जोर न लावता, नाक किंचित खाली ठेवून सोडायचं. १०-१२ मीटर सरळ गेलं तर ठीक. नाक वर काढून धपकन पडलं तर क्ले वाढवायची, ज्वारीच्या दाण्याएवढीच. थेट खाली घुसलं तर तेवढीच काढायची. तोल खुणेवर असूनही तेच होत असेल तर शेपटीची कड पोस्टकार्डाच्या कपट्याने उचलायची: नाक वर जात असेल तर पुढची, घुसत असेल तर मागची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पीळ राहिला असेल तर तो इथे दिसतो, आणि सुकाणूने त्यावर पांघरूण घालणाऱ्याचं विमान वर ओढताना दोरीवरच आडवं होतं.

विमान पतंगासारखं ओढून वर चढवायची दोरी ३० मीटर, टोकाला कडी आणि चिंधी लावलेली. कडी अडकवायचा विमानाखालचा आकडा तोलाच्या खुणेच्या किंचित पुढे. फार मागे गेला तर विमान बाजूला पळतं, फार पुढे गेला तर उंची मिळत नाही.

दहानंतर वावटळ दिसायला लागली की गरम हवा वर चढतेय. अशा हवेत सापडलेलं विमान परत येत नाही. त्यासाठी ठरल्या वेळी शेपटीची मागची कड वर उचलणारी युक्ती हवीच. पेटत्या वातीचा जुना प्रकार कडब्याच्या गंज्यांशेजारी नको. चावीचा टायमर घ्यावा, सुरुवातीला ३० सेकंदांवर.