मोठ्या अक्षरांतलं गीतपुस्तक छापताना: माझा अनुभव

टाइपसेटिंगला दिलेली फाइल परत आली, तेव्हा पहिल्याच पानावर ‘खि्रस्त’ होतं. ख ला वेलांटी, मग नुसताच पाय मोडल्याची खूण, मग र. त्याखाली ‘प्राथर्ना’, आणखी खाली ‘स्वगीर्’. सोबत निरोप: ‘सगळं तपासून दिलंय.’ दर पानामागे पैसे दिले होते, तीन आठवडे वाट पाहिली होती आणि उपासनेच्या पुस्तकात तारणाऱ्याचं नावच मोडलेलं. हे लिहितानाही त्या निरोपाचा राग येतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. अनेक मराठी मंडळ्या (चर्च) आपली जुनी पुस्तकं नव्याने काढताहेत आणि बहुतेक सगळ्यांची गाडी इथेच अडते.

काम तसं साधं होतं. मंडळीत नेहमी म्हटली जाणारी सुमारे दोनशे गीतं ज्येष्ठांना चष्मा पुसत बसावं लागणार नाही अशा १६ पॉइंटच्या अक्षरात छापायची. पाळकसाहेबांनी यादी केली, वडील मंडळाने खर्च मंजूर केला. इथवर काही अडलं नाही.

परवानग्यांचं मात्र आधीच बघा. उपासनेत गीत म्हणायला कायदा आडवा येत नाही. पण ती मोकळीक गाण्याला आहे, छापण्याला नाही. फुकट वाटलं तरी नाही. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. कवी अज्ञात असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे अभंग आणि भजनं मोकळी आहेत. शेवटच्या कडव्यात ‘दास’ अशी सही दिसली की गीत त्यांचंच, असं समजू नका. ‘दास’ म्हणवून घेणारे पुष्कळ. पुस्तकाच्या कवी-सूचीत खात्री करा.

फसतात ती भाषांतरं. मूळ गीत, मधलं भाषांतर आणि मराठी भाषांतर या तीन वेगळ्या कृती धरायच्या. ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ घ्या. मूळ स्वीडिश कवी कार्ल बोबर्ग १९४० मध्ये गेले, म्हणून स्वीडिश शब्द मोकळे. पण आपण ऐकतो ते इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइन यांचे आणि ते १९८९ मध्ये गेले. त्या इंग्रजीवरून केलेलं मराठी छापायचं तर परवानगी लागते. आम्ही अशी गीतं वेगळी काढून पत्रं धाडली. उत्तर आलं नाही ती पुस्तकात घेतली नाहीत. मागे स्तोत्रसंहितेतले उतारे जोडणार असाल, तर कोणत्या भाषांतरातले ते बघा. बायबल सोसायटीच्या प्रचलित आवृत्तीवर हक्क आहे, पंडिता रमाबाईंचं भाषांतर मोकळं आहे. त्या १९२२ मध्ये गेल्या.

आता त्या फाइलीकडे येतो.

छापखान्याकडे जुन्या आवृत्तीची पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली सीडी सापडली, तेव्हा अर्धं काम झालं असं वाटलं होतं. पण तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधला, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत (युनिकोड) येण्याआधीचा. फाँट नसलेल्या संगणकावर त्याची नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी. एकाच घराण्याच्या दोन आवृत्त्यांतही फरक असतो. म्हणून सगळी फाइल देण्याआधी एकच पान रूपांतरित करून बघा. ख्रिस्त, प्रार्थना, स्वर्ग, भक्ति, स्त्रिया, तारणाऱ्या, ज्ञान, क्षमा, हृदय, श्रद्धा, एवढे शब्द ज्यात आहेत असं पान निवडा. आम्ही हे केलं नाही, म्हणून तीन आठवडे गेले.

चूक का होते ते एकदा कळलं की दुरुस्ती हातात येते. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चारतो त्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते आधी, उच्चारतो नंतर. म्हणून रूपांतर करताना तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावं लागतं. साधन आळशी असेल तर ते एकच अक्षर ओलांडतं आणि ‘ख्रि’चं ‘खि्र’ होतं. ‘भकि्त’, ‘मुकि्त’, ‘सि्थर’ हे सगळे याच घरचे.

उपाय सोपा आहे. वेलांटीनंतर लगेच हलंत, म्हणजे ‘ि्’ ही जोडी, शुद्ध मराठीत कुठेच येत नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती शोधा. रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) चालत असेल तर ‘ि्(.)’ शोधून त्याजागी ‘्$1ि’ ठेवा, काही एडिटरांत डॉलरऐवजी उलटी तिरकी रेघ लागते. हे एकदा करून थांबू नका. ‘सि्त्रया’ पहिल्या फेरीत ‘स्ति्रया’ होतं आणि दुसऱ्या फेरीत ‘स्त्रिया’. शोधात शून्य येईपर्यंत फिरवा. या एका ओळीने दोनशे गीतांतला प्रत्येक ‘ख्रिस्त’ काही मिनिटांत जागेवर आला. टाइपसेटिंगच्या दुकानदाराला हेच करता आलं असतं.

रफाराची गोष्ट उलटी आणि जास्त त्रासाची. तो दिसतो नंतर, उच्चारतो आधी. ‘प्रार्थना’मध्ये जुन्या फाइलीत थ च्या पुढे रफार साठवलेला असतो, तो तिथेच राहिला की ‘प्राथर्ना’. इथे सरसकट बदल चालत नाही, कारण ‘मर्जी’मधला ‘मर्’ बरोबर आहे आणि ‘धमर्’मधला चूक, आणि यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. शब्दाच्या शेवटी ‘र्’ आलेले शब्द शोधले की स्वगर्, सवर्, मागर्, सामथ्यर् सापडतात. मधले मात्र यादी करूनच पकडावे लागतात: प्राथर्ना, आशीवार्द, निमर्ळ, कीतर्न. ‘अपर्ण’ विशेष लक्षात ठेवा. ‘अर्पण’चं झालेलं हे रूप डोळ्याला खटकत नाही आणि दानाच्या गीतांत तर ते ओळीओळीला येतं.

याहून चांगला मार्ग आम्हाला उशिरा सुचला. रूपांतर करण्याआधीच, जुन्या फाइलीत, रफाराच्या चिन्हाजागी त्या फाँटने कशालाच न वापरलेलं एखादं चिन्ह टाकायचं. मग रूपांतर करायचं. ‘प्राथ#ना’सारखे शब्द मिळतात. त्यात खुणेच्या आधीचं पूर्ण अक्षर, जोडाक्षर आणि काना-मात्रेसकट, उचलायचं आणि खूण काढून त्याच्या आधी ‘र्’ ठेवायचा. मग कुठला रफार खरा, हा प्रश्नच उरत नाही. रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह असतं (‘सर्वांचा’मध्ये असतं तसं), त्याला वेगळी खूण द्या.

‘तारणाऱ्या’ला तर हातच लावावा लागला. रूपांतरात तो ‘तारणार्या’ होतो, य च्या डोक्यावर रफार घेऊन. ‘र्या’ सगळीकडे बदलता येत नाही, कारण ‘सूर्या’ आणि ‘कार्या’ बरोबर आहेत. एकेक ठिकाण बघून ‘ऱ्या’ टाका. हा ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो. सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर पुढे शोध घेताना निम्मे शब्द निसटतात.

पुरवणीतली गीतं सीडीवर नव्हती, ती स्कॅन केली. ३०० डीपीआय पुरे. गूगल डॉक्समध्ये उघडलं की बराच मजकूर नीट उतरतो. घ चा ध, भ चा म होतो, अनुस्वार गळतात आणि ॥ ची ११ होते. कडव्यांचे आकडे त्यामुळे ‘११ २ ११’ असे दिसतात. ते आधी सरसकट बदला.

शुद्धलेखनाबद्दल माझं मत ठाम आहे. जुन्या गीतांतले ‘तूं’, ‘नाहीं’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनुसार काढायला हरकत नाही. तो स्वर तसाही दीर्घच आहे. पण ‘प्रभु’चं ‘प्रभू’ आणि ‘भक्ति’चं ‘भक्ती’ करू नका. ‘प्रभु’च्या दोन मात्रा, ‘प्रभू’च्या तीन. ओवी-अभंगात अक्षरं मोजतात, तिथे निभावेल. साकी, दिंडी, आर्या ही मात्रांवर उभी असतात, तिथे चाल लंगडते. संगणकाची आपोआप दुरुस्ती आधी बंद करा. ती हे गुपचूप बदलते. गीतावरची राग, ताल, चाल ही ओळही जशीच्या तशी ठेवा.

जुने गीतक्रमांक बदलू नका, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. लोकांना गीत क्रमांकाने पाठ असतं. नवा क्रम लावलाच तर शेजारी कंसात जुना द्या.

पहिल्या ओळींची सूची संगणकाने लावली की ‘क्षमा’ ख च्या आधी आणि ‘ज्ञान’ ज मध्ये जातं. आपल्या लोकांना ते ह, ळ च्या पुढे, शेवटी शोधायची सवय आहे. तेवढ्या ओळी हाताने हलवा.

मांडणी इनडिझाइनमध्ये करणार असाल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरजुळणीची सेटिंग) निवडलेला आहे ना, ते बघा. नसेल तर इतकं निस्तरूनही वेलांट्या छापताना पुन्हा भलतीकडे बसतात. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड करा, म्हणजे फाइलीतच बसवा. पानांची संख्या १६ च्या पटीत ठेवली की फर्मा (एकदम छापून घडी घातला जाणारा मोठा कागद) वाया जात नाही. दोन पानांचं गीत डाव्या पानावर सुरू करा, म्हणजे कडव्याच्या मध्येच पान उलटावं लागत नाही. विक्रीला ठेवणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) घ्या. आपल्याकडे त्याला शुल्क नाही. छापून झाल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे.

मुद्रितं वाचून तपासण्यावर भागवू नका. ती म्हणून तपासा. आमच्याकडे दोघांनी डोळ्यांनी तपासलेल्या पानांत गायकवृंदाने एका संध्याकाळी पेटीवर म्हणता म्हणता सतरा चुका काढल्या. त्यांतल्या अकरा ऱ्हस्व-दीर्घाच्या होत्या. मात्रा वाढली की तबलावाल्याचा हात थांबायचा आणि तिथेच पेन्सिलची खूण व्हायची.