कप्प्यातून काढलं की चालू हवं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: "आलटून पालटून वापरायला तीन घड्याळं आहेत. आता फक्त प्रवासासाठी एक स्वस्तातलं घ्यायचंय. जीएमटी घेऊ का?"

जीएमटी, म्हणजे दुसऱ्या देशाची वेळ दाखवायला चोवीस तासांचा चौथा काटा असलेलं घड्याळ, मीही घेतलं होतं. ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरली जाणारं), चौथा काटा लाल, दिसायला देखणं. पहिल्याच प्रवासाला निघताना पहाटे कप्पा उघडला, तर ते केव्हाच बंद पडलेलं. त्यात नवल काहीच नव्हतं. या किमतीतली बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळं मनगटावरून उतरवली की दीड-दोन दिवस चालतात आणि थांबतात, आणि माझं तीन आठवडे पडून होतं. टॅक्सी खाली उभी आणि मी दिव्याखाली तारीख लावत बसलेली. तीही लगेच लावता येईना. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, तेव्हा तारीख झटपट फिरवली तर दाते दुखावतात. म्हणून आधी काटे सहावर आणा, मग तारीख, मग चौथा काटा, मग खरी वेळ.

तेव्हापासून माझी परीक्षा एकच आहे: तीन आठवडे कप्प्यात पडलेलं घड्याळ पहाटे चार वाजता उचललं तर ते बरोबर वेळ दाखवतं का? रोजच्या वापरातलं घड्याळ थांबलं तर चावी देऊन पुढे जाता येतं. प्रवासाचं घड्याळ मात्र वर्षाचे अकरा महिने कप्प्यातच असतं, तेव्हा ते सेलवरचं किंवा सोलर हवं. (सोलर असेल तर कप्प्याच्या अंधारात उपाशी ठेवू नका.)

आता तो चौथा काटा. 2022 साली सेको कंपनीनं आपल्या '5 स्पोर्ट्स' मालिकेत जीएमटी आणलं आणि परवडणाऱ्या जीएमटींची लाटच आली. पण जीएमटीत दोन जाती आहेत. एकात क्राउन, म्हणजे बाजूचं किल्लीचं बटण, एक टप्पा ओढला की फक्त चोवीस तासांचा काटा तासातासानं सरकतो. स्थानिक वेळ बदलायची तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढून घड्याळ थांबवावं लागतं आणि सगळेच काटे फिरवावे लागतात. यांना शौकीन लोक 'कॉलर' जीएमटी म्हणतात, म्हणजे घरी बसून परदेशात फोन करणाऱ्याचं घड्याळ. परवडणाऱ्यांत बहुतेक याच जातीची. 'फ्लायर' जातीत उलट असतं: मुख्य तासकाटा एकेक तास उड्या मारतो, मिनिट-सेकंद हलत नाहीत. मियोटा कंपनीचं 9075 हे मशीन आल्यापासून तीही थोडी आवाक्यात आली, पण अजून 'स्वस्त' म्हणावं अशी नाहीत. आणि पुन्हा ऑटोमॅटिकच. पुन्हा तीच पहाट.

शिवाय दोन्ही जातींना अर्धा तास कळत नाही. भारत, श्रीलंका, अफगाणिस्तान इथे अर्ध्या तासाचं शेपूट आहे, नेपाळचा ग्रिनिच वेळेपासूनचा फरक तर पावणेसहा तासांचा. मिनिटकाटा एकच असल्यामुळे उरलेली अर्धा-पाऊण तासाची बेरीज आपल्यालाच डोक्यात करावी लागते, तीही झोपमोड झालेल्या डोक्यात.

गंमत अशी की रोलेक्सनं पॅन ॲमच्या वैमानिकांसाठी 1955 साली जे जीएमटी-मास्टर काढलं, त्यातला चोवीस तासांचा काटा वेगळा हलवताच येत नव्हता. तो तासकाट्याला बांधलेला होता, दुसरी वेळ दिसायची ती बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, फिरवून. म्हणजे काम बेझलच करत होतं. बारा तासांचे आकडे असलेली, फिरणारी बेझल साध्या तीन काट्यांच्या, सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळावर असली तरी तेच काम होतं. समजा घड्याळ घरच्या वेळेवर आहे आणि गेलेल्या गावची वेळ तीन तास मागे. बेझलवरचा 9 डायलच्या बाराच्या जागी आणा, तासकाटा बेझलवर वाचा, झालं. फरक साडेतीन तासांचा असेल तर 8 आणि 9 यांच्या मधली जागा वर आणा. क्राउनला हातही लावायचा नाही.

क्राउनला हात न लावण्याचं महत्त्व मला पाण्यात कळलं. स्क्रूसारखा आट्यांनी घट्ट बसणारा क्राउन वेळ बदलायला उघडला, परत घट्ट करायचा विसरले आणि पोहायला उतरले. बाहेर आले तर काचेच्या आतून वाफ. घड्याळावर शंभर मीटरपर्यंत पाणीरोधक असं लिहिलेलं होतं, पण झाकण उघडं ठेवल्यावर शंभर मीटरचं काय घेऊन बसलात! चूक सर्वस्वी माझी.

मी स्वतः शेवटी घेतलं ते कॅसिओचं एई-1200. प्लॅस्टिकचं, वर जगाचा इवलासा नकाशा, 48 शहरं, पाच गजर, शंभर मीटर, आणि सेल दहा वर्षं चालतो असं कंपनी सांगते. अर्धा तास, पाऊण तास सगळं त्याला कळतं. उन्हाळी वेळ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात ती) मात्र कळत नाही, ती प्रत्येक शहराला हातानं चालू-बंद करावी लागते, आणि मी एकदा न केल्यामुळे बंद दुकानाच्या दारात तासभर उभी राहिले आहे. दिवा मिणमिणता आहे. दर तासाला वाजणारी बीप निघण्यापूर्वीच बंद करा, नाहीतर विमानाच्या अंधारात आजूबाजूचे सगळे तुमच्याकडे बघतात.

डिजिटल नकोच असेल तर ती बेझलवाली युक्ती. दुसरी वेळ लागतच नसेल तर कॅसिओचंच एफ-91डब्ल्यू बास, 21 ग्रॅमचं आहे, हातात आहे हेही विसरायला होतं.

पट्टा एकसंध नायलॉनचा घाला. दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहतं. ब्रिटिश लष्करानं 1973 मध्ये असा पट्टा प्रमाणित केला तो उगाच नाही. ओला झाला तर रात्रीत वाळतो.

मी परवा कप्पा उघडला होता. शेवटचा प्रवास होऊन सात आठवडे झालेत. फोनशी लावून पाहिलं: अकरा सेकंद पुढे.