नालेच्या मागचा बोळ : बर्लिनमधली एक दुपार

यू-७ मेट्रोने पार्खिमर अलेला उतरायचं आणि फ्रिट्झ-रॉयटर-अलेकडे चालत निघायचं. थोड्याच वेळात हुफआयझनझीडलुंग लागते, म्हणजे घोड्याच्या नालेची वसाहत. ब्रुनो टाऊट आणि मार्टिन वाग्नर या वास्तुरचनाकारांनी १९२५ ते १९३३ मध्ये बेताच्या कमाईच्या लोकांसाठी इथे जवळजवळ दोन हजार घरं उभारली. २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

नाल म्हणजे त्या आकाराची मुख्य इमारत: तीन मजली, साधारण ३५० मीटर लांब, मध्ये तळं. फोटो सगळे तिथलाच काढतात, मीही काढला. पण मी गेलो होतो बागा बघायला. तळमजल्याच्या घरांना लागून भाडेकरूंच्या छोट्या बागा, मग कुंपण, आणि त्यापुढे सगळ्यांची हिरवळ. ज्याने वाफा केला त्याच्या वाफ्यातून कुणी आडवं जाऊ शकत नाही. सामायिक शेतीचे आराखडे काढणारे नेमकं हेच विसरतात, असं माझं मत.

खरी गंमत नालेच्या मागे, रो-हाऊसच्या ओळींत आहे. दोन ओळींच्या परसबागांमध्ये अरुंद बोळ ठेवलाय. खत, माती, पालापाचोळा घरातून न नेता थेट बागेत. बागांच्या मांडणीत लेबेरेश्ट मिगे या उद्यान-रचनाकाराचा हात होता. स्वयंपाकघरातला कचरा आणि मैलासुद्धा मातीत परत गेला पाहिजे, असं म्हणणारा हा माणूस. बोळ नसता तर ते बोलणं कागदावरच राहिलं असतं.

आज मात्र मला भाजीपेक्षा लॉन आणि झोपाळेच जास्त दिसले. रो-हाऊसची घरं एकेक करून विकली गेली आहेत, त्यामुळे 'परवडणारी' हा शब्द आता जपूनच वापरावा.

जाणाऱ्यांसाठी: नालेच्या तोंडाशी छोटं माहिती केंद्र आणि कॅफे आहे. ते आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, वेळ आधी बघून निघा. उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात वाफे रिकामे. लोक राहतात तिथे, कुंपणावरून डोकावू नका. घरं आखणाऱ्यांनी मोजपट्टी न्यावी. तासभर उरला तर ग्र्युनाऊजवळची फाल्केनबेर्ग वसाहतही टाऊटचीच, याहून जुनी आणि रंगांनी जास्त धीट.

मी बोळाची रुंदी मोजत उभा होतो, तेवढ्यात एक आजी ढकलगाडी घेऊन आल्या. त्यांना वाट द्यायला मला कुंपणाला चिकटून उभं राहावं लागलं.